एक अंगावर, एक वलणीवर

तुमच्या ऑफिसातही तो मेल येत असेलच. ‘येत्या शुक्रवारी ट्रॅडिशनल डे. बेस्ट ड्रेस्डला गिफ्ट व्हाउचर.’ आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘कपडे डीसेंट आणि आपल्या संस्कृतीला शोभतील असे असावेत.’ मग काय, पुढचे चार दिवस टार्गेट गेलं उडत! लंचमध्ये एकच चर्चा. नऊवारी कुणाच्या घरी आहे? भाड्यानं कुठे मिळते? नथ प्रेसची चालेल का? त्यातली एखादी हुशार मैत्रीण उल्हासनगरच्या बाजारात जाऊन शिवलेली नऊवारीच घेऊन येते. पँटसारखे दोन पाय घालायचे, हुक लावायचा, पदर खांद्यावर टाकायचा. नूडल्स शिजायच्या आत बाईसाहेब तयार.

शिवलेल्या नऊवारीवर माझा अजिबात राग नाही. सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईला दोन मिनिटांची किंमत काय असते ते मला विचारा. मला गंमत वाटते ती मेलमधल्या ‘आपल्या संस्कृतीला शोभतील’ या तीन शब्दांची. म्हणजे नेमके कुठले कपडे? कुणाचे? कधीचे?

म्हणून यावेळी सणासुदीचा विषय बाजूला ठेवला. पैठणी, शालू, शेला हे सगळं लग्नाला आणि गणपतीला. प्रश्न साधा होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या बिनसणाच्या मंगळवारी, आपल्या या कल्याणच्या पुढच्या पट्ट्यातली बाई सकाळी उठून अंगावर काय नेसत होती?

कल्याणच्या पुढे, साल 1810

आधी सीन डोळ्यांसमोर आणा. उल्हासनगर कुठेय? नाहीच. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी झाली, 1947 नंतर त्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला लागली आणि 1949 मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. आपण आजही कॅम्प नंबर सांगून पत्ता देतो तो त्यामुळेच. अंबरनाथचं शिवमंदिर मात्र तेव्हाही होतं. त्याच्या शिलालेखावर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 आहे. बदलापूर होतं उल्हास नदीकाठचं गाव. रेल्वे नाही. कल्याणला आगगाडी आली 1854 मध्ये आणि बदलापूरवरून पुढे खोपोलीच्या दिशेनं गेली ती 1856 मध्ये. त्याआधी बदलापूरहून कल्याणच्या बाजारात जायचं म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटरची पायपीट किंवा बैलगाडी.

राज्य पेशव्यांचं. पण फार दिवस नाही. जून 1817 च्या पुणे तहात उत्तर कोकण कंपनी सरकारकडे गेलं, म्हणजे शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागायच्या आधीच आपला हा भाग त्यांच्या हाती आला होता. माणसं कोण? भाताची शेती करणारे आगरी आणि कुणबी, खाडीकडचे कोळी, डोंगराकडचे ठाकर आणि कातकरी. कल्याणच्या पेठेत व्यापारी, भटजी, कारकून. आणि या सगळ्यांच्या घरातल्या बायका, ज्यांची नावं कुठल्याच कागदावर सहसा येत नाहीत.

त्यांच्या अंगावरचं कापड हातमागावरचं. मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली 1856 मध्ये. विलायती गिरण्यांचं कापड येऊ लागलं होतं, पण गावातल्या बाईला रोजच्यासाठी जाडंभरडं, हातानं विणलेलं लुगडंच.

नऊवारी नव्हे, लुगडं

हो, लुगडं. तिला कुणी ‘नऊवारी नेसलीयेस का गं?’ असं विचारलं असतं तर ती गोंधळलीच असती. पुढे पाचवारी आणि सहावारी आली तेव्हा या जुन्या लुगड्याला वेगळं नाव द्यायची गरज पडली. मोबाइल आल्यावर साध्या फोनला आपण ‘लँडलाइन’ म्हणायला लागलो, तसं. तेव्हा माप हातावर व्हायचं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे साधारण दीड फूट. 18 हाती लुगडं म्हणजे 27 फूट. करा हिशोब, बरोबर 9 वार, सव्वाआठ मीटर. ऐपत कमी असेल तर कापडही कमी.

आता नेसायचा फंडा ऐका. एक टोक कमरेभोवती घेऊन गच्च गाठ मारायची. पुढे निऱ्या घालायच्या. त्यांचाच भाग दोन पायांमधून मागे नेऊन कमरेत खोचायचा, तो कासोटा. उरलेलं कापड छातीवरून खांद्यावर किंवा डोक्यावर, तो पदर. खाली परकर नाही, आत काही नाही, पिन नाही, नाडी नाही, हुक नाही. एका गाठीवर अख्खा दिवस. आणि आतल्या कपड्याचं कामही तो कासोटाच करायचा.

1809 मध्ये मारिया ग्रॅहम नावाची एक इंग्रज बाई मुंबईत उतरली. तिची रोजनिशी 1812 मध्ये छापली गेली. त्यात तिनं इथल्या बायकांच्या कपड्यांची आवर्जून नोंद केलीये. कमरेला गुंडाळलेलं लांब रंगीत कापड, छातीवरून जाऊन कधी डोक्यावर येणारा पदर, आखूड चोळी, आणि उघडा दिसणारा पायाचा काही भाग. हे शेवटचं तिच्या डोळ्यांत भरलं यात नवल नाही. जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी छापली गेली ती 1811 मध्ये. तुम्ही त्या काळावरचे सिनेमे बघितले असतील तर आठवा, झगे घोट्यापर्यंत. आपल्याकडे मात्र पोटऱ्या दिसणं हे काही विशेष नव्हतं. पाठ झाकलेली हवी, डोक्यावर पदर हवा. पाय? पाय कामाला लागतात, ते दिसणारच.

‘चिखलच तुला लावील!’

वाचून समाधान होईना, म्हणून बदलापूरजवळच्या एका गावात गेले. तिथे ऐंशी ओलांडलेल्या एक आगरी आजी अजून रोज लुगडंच नेसतात. मी म्हटलं, ‘आजी, मला नेसायला शिकवाल?’ त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ‘फोटू काढायचाय का काम करायचंय?’

हा प्रश्न मला फार आवडला. कारण दोन्हींसाठी नेसणं वेगळं. फोटोसाठी घोट्यापर्यंत, चापूनचोपून. कामासाठी गुडघ्यापर्यंत वर, कासोटा असा घट्ट की धावलात तरी सुटणार नाही. त्यांची आई लावणीच्या दिवसांत गुडघ्याच्याही वर नेसायची, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, कुणी नावं ठेवायचं नाही? त्या हसल्या. ‘आगो पोरी, पाय अडकला तर तू भात नाय लावणार, चिखलच तुला लावील!’

जुलै महिना डोळ्यांसमोर आणा. पोटरीभर चिखल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकून रोपं लावायची, वरून कोसळतंय. डोक्यावर आणि पाठीवर बांबूच्या कामट्यांचं, पानांनी शाकारलेलं इरलं. दोन्ही हात मोकळे, पाठ कोरडी. हा त्या काळातला रेनकोट. आणि खाली आखूड लुगडं, म्हणजे भिजलेल्या कापडाचं ओझं कमी. घोळदार काही नेसून हे काम करून दाखवा, बक्षीस माझ्याकडून.

आजींनी अर्ध्या तासात मला नेसवलं. पुढे चार दिवस मी रोज स्वतः नेसले आणि पाचव्या दिवशी ते लुगडं नेसून बदलापूर-उल्हासनगर असा लोकलचा प्रवास केला. रिपोर्ट देते. जिना, एकदम ओके. धावत जाऊन डबा पकडणं, जीन्सइतकंच सोपं. गर्दीत कुणाच्या पायाखाली काही अडकत नाही, कारण अडकायला खाली काही लोंबतच नाही. चौथी सीट मिळाली नाही तर दाराशी मांडी घालून बसणं, सॉलिड. पाचवारीत यातलं एकही काम मी बिनधास्त करू शकत नाही. अडचण एकच आली. मोबाइल ठेवायचा कुठे?

पदर, पर्स आणि पाकीट

याचं उत्तर आपल्या भाषेतच पडलंय. दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला खिसा नव्हता, पण जागा तीन होत्या. पदराच्या टोकाला गाठ मारून पैसे बांधायचे. कमरेला खोचलेल्या भागात, म्हणजे कनवटीला, चार नाणी किंवा पानसुपारी ठेवायची. आणि पुढे लुगड्याचा खोळ करून ओच्यात भाजी, शेंगा, फुलं, जे काही वेचलं असेल ते घ्यायचं.

आता आपण रोज काय बोलतो ते बघा. ‘पदरमोड करून ट्रिप केली.’ ‘पदरचे पैसे घालून क्लायंटला जेवायला नेलं.’ ‘पदरात काहीच पडलं नाही.’ ‘पदरी पडलं आणि पवित्र झालं.’ अप्रेझलनंतर कॅन्टीनमध्ये ही शेवटची दोन वाक्यं हमखास ऐकू येतात आणि बोलणारा बऱ्याचदा शर्ट-पँटमधला पुरुष असतो. पदर खोचून कामाला लागणं, पदर पसरणं, ओटी भरणं, कुणाच्या पदरात मूल घालणं. बाईचा अख्खा व्यवहार त्या दोन हात कापडावर लिहिलेला. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश छापला गेला 1831 मध्ये. त्या काळचे लुगडी-चोळीचे शब्द हुडकायला आजही तोच जवळचा.

आणि एक शब्दप्रयोग आपण आता फारसा वापरत नाही, ‘पदर येणं’. मुलीला पाळी सुरू झाली की तिला पदर आला म्हणायचे. त्याआधी ती परकरात किंवा लहान मुलींच्या छोट्या लुगड्यात, म्हणजे चिरडीत असायची. अनेक घरांमध्ये तोपर्यंत तिचं लग्न होऊनही गेलेलं असायचं. बारा-तेरा वर्षांची पोर एके दिवशी अठरा हात कापड कमरेला बांधायची आणि त्या दिवसापासून ती बाई. तिला कुणी विचारायचं नाही. हेही त्याच पदराला बांधलेलं आहे.

चोळी: बटण नाही, गाठ

वरचा कपडा चोळी. आजच्या ब्लाउजची ही आजी, पण स्वभाव वेगळा. बटण नाही, हुक नाही. पुढची दोन टोकं छातीखाली ओढून गाठ मारायची. त्यामुळे बाई बारीक झाली, जाड झाली, बाळंत झाली, तरी चोळी तीच. बाळाला पाजायचं तर गाठ सोडली, झालं. आपल्याकडे नर्सिंग वेअर म्हणून वेगळं सेक्शन असतं आणि त्याची वेगळी किंमत असते.

चोळीचं कापड म्हणजे खण. उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण महाराष्ट्रभर प्रसिद्ध. आता तोच खण लॅपटॉप बॅगवर, डायरीवर आणि कुर्त्याच्या योकवर दिसतो. मूळचा तो बाईच्या ओटीत पडणारा. नारळ, तांदूळ आणि चोळीपुरता एक खण. माहेरहून येणारी साडीचोळी ही नुसती गिफ्ट नव्हती, हक्क होता. मराठेशाहीत मोठ्या घरच्या लेकीसुनांना चोळीबांगडीसाठी म्हणून उत्पन्न लावून द्यायची पद्धत होती. आजच्या भाषेत पर्सनल अलाउन्स. गरीब घरात उत्पन्न कुठलं, पण वर्षाला लुगडं-चोळी द्यायची जबाबदारी नवऱ्याची हे सगळ्यांना मान्य. ते मिळालं नाही तर बाई भांडायची आणि तिचं भांडण रास्त समजलं जायचं.

वॉर्डरोब: एकूण नग दोन

आता कपाट उघडू. कपाट नाहीच. साधारण घरातल्या बाईचा वॉर्डरोब म्हणजे एक लुगडं अंगावर आणि दुसरं वलणीवर. पावसाळ्यात दुसरं वाळलं नाही की ओलंच नेसायचं. ‘कॅप्सूल वॉर्डरोब’वर आज जे व्हिडिओ येतात, दहा कपड्यांत वर्ष कसं काढायचं वगैरे, ते बघून ही बाई म्हणाली असती, दहा? सावकार दिसतेस!

म्हणूनच लुगडं मरेपर्यंत वापरलं जायचं. बसून बसून मधला भाग विरला की तो कापून टाकायचा आणि दोन्ही बाजू मध्ये जोडायच्या. याला म्हणायचे दंड घालणं. दंड घातलेलं लुगडं नेसणं ही गरिबीची खूण, पण त्यात लाज कमी आणि शहाणपण जास्त. तेही विरलं की त्याची गोधडी. गोधडीतून उरलं त्याची बाळाची झोळी आणि दुपटी. त्यातून उरलेल्या चिंध्या पाळीच्या दिवसांसाठी. सगळ्यात शेवटी पोतेरं, जमीन सारवायला. सव्वाआठ मीटर कापडातलं वीतभरही वाया गेलं नाही.

रंग गडद, कारण गडद रंगावर मळ दिसत नाही. लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून, निळा-काळा नीळ वापरून. काळी चंद्रकळा आपल्याला संक्रांतीच्या फोटोतून माहिती आहे, तिचं मूळ याच निळीच्या पिंपात.

इथे मला आपल्या वालधुनीची आठवण येते. ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहते, उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणला पोचते. गेल्या काही दशकांत उल्हासनगरच्या जीन्सनं देशभरातले बाजार काबीज केले. ‘मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तुम्हीही ऐकला असेल. जीन्सचा रंगही निळीचाच, फक्त आता कारखान्यात केमिकलपासून बनवलेली. आणि जीन्स धुऊन फिकी करायच्या कारखान्यांचं रंगीत पाणी या वालधुनीनं वर्षानुवर्षं पोटात घेतलं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. माझ्या कपाटात सहा जीन्स आहेत. तिच्या वलणीवर एक लुगडं होतं. दोघींचे कपडे कामाचे, दोघींचा रंग निळीचा. फरक आकड्यात आहे आणि तो आकडा नदीत उतरलाय.

‘डीसेंट’ कोण ठरवणार?

आतापर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल, वा, किती कूल होत्या आपल्या पणज्या! मोकळे पाय, झीरो वेस्ट, नो मेकअप लुक. थांबा जरा.

त्याच 1810 मध्ये कल्याणच्या पेठेतल्या एखाद्या ब्राह्मणाच्या घरी जा. तिथली सून पंधराव्या वर्षी विधवा झालीये. तिचे केस काढले जायचे. चोळी काढून घेतली जायची. तांबड्या रंगाचं एक आलवण तिला मिळायचं, ते अंगाभोवती आणि बोडक्या डोक्यावरून घ्यायचं, मरेपर्यंत. त्याच गावाबाहेरच्या कुणब्याच्या किंवा आगऱ्याच्या घरात मात्र विधवेचा पाट लागू शकायचा, ती पुन्हा रंगीत लुगडं नेसू शकायची. एकच गाव, एकच वर्ष, दोन बायका. यातली ‘आपली संस्कृती’ कुठली?

आणि आखूड लुगड्याचं काय? शेतातल्या बाईला ते सोयीचं होतं, हे खरं. पण ज्यांना गावानं अस्पृश्य ठरवलं होतं त्या बायकांसाठी तेच आखूड नेसणं जातीची पाटी होतं. लांबूनच ओळखू यावं, ही कोण आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी खास बोलले. ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ते टाकून द्या, लुगडं इतर बायका नेसतात तसं खालपर्यंत नेसा, असं त्यांनी सांगितलं. अनेकींनी तिथल्या तिथे नेसणं बदललं. लुगडं तेच, चार बोटं खाली आलं. आणि ती चार बोटं म्हणजे एक मोठी लढाई होती.

म्हणजे बघा, एकीला पाय मोकळे मिळणं ही सोय आणि दुसरीला पाय झाकायला मिळणं हा हक्क. कापड किती, यावरून काहीच कळत नाही. ते किती असावं हे ठरवलं कुणी, यावरून सगळं कळतं.

मग परकर कुठून आला?

आपण ज्याला ‘प्रॉपर’ साडी म्हणतो, म्हणजे खाली परकर, वर शिवलेला ब्लाउज, पायघोळ निऱ्या, ती पुढच्या काळातली. 1864 मध्ये सत्येंद्रनाथ टागोरांबरोबर त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईला आल्या. इथल्या पारशी बायकांची साडी नेसायची पद्धत त्यांनी उचलली, परकर-ब्लाउजसकट, आणि मग ती बंगालात नेली. असं एकेका शहरातून, एकेका घरातून नेसणं बदलत गेलं.

आपल्या शेजारच्या कल्याणच्या जोश्यांची यमू, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी, 1883 मध्ये अमेरिकेला गेली. फिलाडेल्फियाच्या थंडीत पोटऱ्या उघड्या राहणारी नऊवारी जमेना, तेव्हा ती गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागली. अठराच्या आसपासचं वय, परका देश, मेडिकल कॉलेज, आणि कपड्यांचा निर्णय तिनं हवामान बघून घेतला. 1886 मध्ये ती एम.डी. झाली. आपण मात्र अजून 35 डिग्रीत फुल स्लीव्हज फॉर्मल घालून फिरतो!

1947 नंतर कॅम्पांमध्ये आलेल्या सिंधी आज्या सुथण आणि चोलो घालून आल्या. त्यांच्या नातींनी साडी, सलवार-कमीज, जीन्स सगळं घातलं आणि शिवून विकलंही. आणि अंबरनाथच्या मंदिराच्या भिंतीवर हजार वर्षं उभ्या असलेल्या त्या दगडी स्त्रिया? कमरेखाली वस्त्र, वर बहुतेक दागिनेच. ट्रॅडिशनल डेच्या दिवशी त्या गेटवर आल्या तर सिक्युरिटी आत सोडणार नाही. आणि त्या तर आपल्या मूळ लाडक्या नऊवारीपेक्षाही ‘ट्रॅडिशनल’!

शुक्रवारसाठी होमवर्क

तर मैत्रिणींनो, शिवलेली नऊवारी घ्या, बिनधास्त घ्या. पण एकदा तरी न शिवलेलं लुगडं नेसून बघा. घरात किंवा चाळीत कुणीतरी आजी, मावशी, कामाला येणाऱ्या ताई असतीलच ज्यांना ते येतं. यूट्यूबपेक्षा त्यांच्याकडून शिका. कमरेची गाठ किती घट्ट हवी हे व्हिडिओत कळत नाही, ती दुसऱ्या बाईनंच ओढून दाखवावी लागते. शिकताना त्यांना विचारा, तुमच्या आईकडे लुगडी किती होती? कोण आणायचं? कुठलं नेसायला मनाई होती? मला जी उत्तरं मिळाली ती नथीपेक्षा मौल्यवान होती.

आणि मित्रांनो, तुम्हालाही. दोनशे वर्षांपूर्वी तुमचे पणजोबा धोतर नेसायचे आणि कासोटा त्यालाही होता. त्यांनी शर्ट-पँट घातली तेव्हा संस्कृती बुडाली असं फारसं कुणी ओरडलं नाही. हे एकदा शांतपणे आठवा आणि मगच मैत्रिणीच्या कुर्त्याच्या लांबीवर मत द्या.

पुढच्या वेळी कुणी ‘आपल्याकडच्या बायका पूर्वी कशा नीट कपडे घालायच्या’ असं म्हणालं की वाद घालू नका. फक्त विचारा, कुठली बाई? कुठल्या जातीची? कुठल्या साली? आणि तिला कुणी विचारलं होतं का?